ट्रॅकवर स्विफ्ट वळत नाही? आधी ती वर उचला

लातूरच्या एका तरुणाचा प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक-डेला, म्हणजे फी भरून आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, दोनदा जाऊन आलाय. पहिल्यांदा गाडी कंपनीतून आली तशीच होती. दुसऱ्या वेळी कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट, बसवून गेला. स्प्रिंग पुढे ८ आणि मागे ४ किलो प्रति मिलिमीटरच्या, गाडी चारही बाजूंनी ५५ मिलिमीटर खाली, आणि कडकपणा बदलायच्या बटणाला २४ क्लिक असलेले शॉकअप पूर्ण कडक. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांच्या कोनांच्या, कागदावर सगळे आकडे हिरवे. तरी गाडी वळणाच्या मध्यावर पुढून सरळ निघते, स्टेअरिंग वाढवलं की टायर नुसता ओरडतो, आणि लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा, आधीपेक्षा दोन सेकंदांनी हळू आला. त्याचं विचारणं असं की आता पुढे आणखी कडक स्प्रिंग टाकू का?

नका टाकू. आधी गाडी वर घ्या. का, ते सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्यातून ट्रॅकवर जाणारी जी दहा-बारा पोरं माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांची गाडी याच जागी अडकलेली होती.

मी वाळूजला शॉकअप बनवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं टेस्टिंगला होतो. नंतर संभाजीनगरात चिकलठाण्याच्या बाजूला स्वतःचं गॅरेज टाकलं, त्यालाही आता चौदा वर्षं झाली. रोजचं काम लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, अलाइनमेंट हेच. ट्रॅकच्या गाड्या वर्षाला मोजक्याच येतात, पण जीव त्यांच्यात जास्त गुंततो.

तुमच्या स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. फोर्डच्या १९५० च्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत ती आली आणि आज आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांत तीच आहे. खाली एक लोअर आर्म, वर थेट बॉडीत गेलेला स्ट्रट, बस. स्वस्त, हलकी, जागा कमी खाणारी. पण तिची एक सवय समजून घेतली नाही तर ट्रॅकवर सगळा पैसा वाया जातो.

गाडी रॅम्पवर घेऊन पुढचा लोअर आर्म समोरून बघा. कंपनीच्या उंचीला त्याचं बाहेरचं टोक, म्हणजे बॉल जॉइंट, आतल्या टोकाच्या बुशपेक्षा (बॉडीकडच्या रबरी सांध्यापेक्षा) थोडं खाली असतं. वळणात बाहेरचं चाक दाबलं जातं तेव्हा बॉल जॉइंट वर येता येता थोडा बाहेर सरकतो, आणि चाकाचा वरचा भाग आत कलायला मदत होते. आर्म आडवा होईपर्यंत ही मदत चांगली मिळते. त्यापुढे बॉल जॉइंट उलटा आत यायला लागतो आणि ती मदत आटत जाते. गाडी ५५ मिलिमीटर खाली बसवल्यावर तुमचा आर्म उभ्या गाडीतच आडव्याच्या पलीकडे गेलाय. म्हणजे वळणात पहिला मिलिमीटर दबल्यापासूनच मदत अपुरी, आणि कलत्या बॉडीबरोबर चाकही चुकीच्या बाजूला कलतंय. टायरची बाहेरची कड घासतेय आणि आतला निम्मा रबर नुसता सोबत फिरतोय.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. उसाने भरलेली ट्रॉली डोळ्यांपुढे आणा. ती किती कलेल हे नुसत्या उसाच्या उंचीवर ठरत नाही. ती ज्या खुंटीवर कलते, तिच्यापासून ऊस किती वर आहे त्यावर ठरतं. गाडी खाली घेतली की वजन खाली येतं, हे खरं. पण मॅकफर्सनमध्ये आर्मचा कोन बदलल्यामुळे ती खुंटी वजनापेक्षा बरीच जास्त खाली जाते, कधी जमिनीच्याही खाली. वजन वीतभर उतरलं आणि खुंटी दोन वीत. मधली तरफ लांबली. म्हणून खूप खाली बसवलेली स्विफ्ट त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलते. मग माणूस म्हणतो कलतेय, कडक स्प्रिंग टाकू. तुम्ही आत्ता याच टप्प्यावर उभे आहात.

तिसरी गोष्ट बंपस्टॉपची. शॉकअपच्या दांड्यावर रबर किंवा फोमचा ठोकळा असतो. चाक पूर्ण वर आलं की बॉडी त्याच्यावर टेकते. ५५ मिलिमीटर खाली गेल्यावर तिथपर्यंतची वाट फार थोडी उरली असणार. ब्रेक मारून वळणात शिरलात की बाहेरचं पुढचं चाक त्या ठोकळ्यावर बसतं, आणि बसलं की तुमची ८ ची स्प्रिंग ८ ची राहत नाही, कितीतरी पट कडक होते. सगळा भार एकदम त्या एका टायरवर येतो आणि तो हात टेकतो. गाडी वळणाच्या नेमक्या मध्यावर सरळ जाते, सुरुवातीला नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा संशय तिथूनच पक्का झाला.

खात्री करायला पैसा लागत नाही. शॉकअपचं धुळीचं रबर वर सरकवा, चकचकीत दांड्यावर एक बारीक झिप-टाय घट्ट न आवळता बसवा आणि खाली शॉकअपच्या तोंडाला टेकवा. ट्रॅकवर चार लॅप मारून या. टाय जिथे ढकलला गेला असेल तिथपर्यंत चाक दाबलं गेलं होतं. तो ठोकळ्यापर्यंत पोचला असेल तर माझं म्हणणं खरं. २०१६ साली जालन्याच्या एका गिऱ्हाइकाबरोबर मी कारीलाच होतो, तेव्हा हाच टाय लावला होता. पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायच्या जागी) गाडीखाली आडवा होऊन टॉर्च मारला तर टाय ठोकळ्यात घुसून दबून चपटा झालेला. ती गाडीही मीच खाली बसवून दिली होती, तीही ५० मिलिमीटर. जेवणाच्या सुट्टीत ती २५ मिलिमीटर वर घेतली, दुसरं काहीही बदललं नाही. दुपारी तो पहिल्या तीन लॅपनंतर आत आला आणि खिडकीतूनच म्हणाला, "काका, गाडी वळायला लागली." तेव्हापासून मॅकफर्सनची कुठलीही गाडी खाली घेताना मी आधी आर्म बघतो, मग आकडा ठरवतो.

तर खाली घेतल्याचा फायदा नेमका किती? हिशोब करून बघू. तुमच्यासकट गाडी ९४० किलो धरू, वजनाचा मध्य जमिनीपासून ५३ सेंटिमीटर, दोन चाकांमधलं अंतर १.५३ मीटर. ०.९ जी ने, म्हणजे गाडीच्या वजनाच्या नव्वद टक्के जोर बाजूला लागेल इतक्या वेगाने, वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण २९० किलो भार जातो. गाडी ५५ मिलिमीटर खाली घेतल्यावर त्यातले ३० किलो वाचतात. २५ खाली घेतलीत तर १४ वाचतात. म्हणजे त्या वरच्या १६ किलोंसाठी तुम्ही आर्मचा कोन, रोल सेंटर आणि सस्पेन्शनची चाल, तिन्ही घालवलंत. महाग सौदा आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार हे वजन, उंची, रुंदी आणि वेग ठरवतात. स्प्रिंगने, अँटीरोल बारने (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) किंवा शॉकअपने तो कमी होत नाही. तो पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये कसा वाटायचा, एवढंच आपल्या हातात असतं. ज्या बाजूला कडकपणा जास्त, तिथला बाहेरचा टायर जास्त भार घेतो आणि ती बाजू आधी घसरते. पुढून सरळ जाणाऱ्या गाडीला पुढे आणखी कडक स्प्रिंग टाकली तर ती आणखी सरळ जाईल.

आता तुमच्या स्प्रिंगचा हिशोब. स्प्रिंगवर छापलेला आकडा आणि चाकाला प्रत्यक्ष मिळणारा आकडा वेगळे असतात. पुढे स्ट्रट चाकाच्या अगदी जवळ असतो, म्हणून तिथे दोन्ही जवळपास सारखे. मागे तुमच्या गाडीला टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ खाणारा एक आडवा बीम. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून लहान गाड्यांत रूढ झालेली ही रचना. तिच्यात स्प्रिंग चाकाच्या मध्यरेषेवर नसते, थोडी पुढे आत असते. स्वतः मोजा: मागची गाडी स्टँडवर घ्या, स्प्रिंग काढा, चाक जॅकने ५० मिलिमीटर वर उचला आणि स्प्रिंगच्या वरच्या-खालच्या बैठकीतलं अंतर किती कमी झालं ते बघा. समजा ४० झालं. गुणोत्तर ०.८. चाकाला मिळणारा कडकपणा काढायला त्याचा वर्ग घ्यायचा, म्हणजे ०.६४. तुमची मागची ४ ची स्प्रिंग चाकापाशी अडीचचीच झाली.

त्यावरून कंपनसंख्या काढली, म्हणजे गाडीचं ते टोक सेकंदाला किती वेळा वर-खाली होऊ पाहतं ते, तर तुमची पुढची बाजू पावणेतीनच्या आसपास येते आणि मागची दोनच्या. घरगुती गाडी एक ते दीडच्या दरम्यान असते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला ट्रॅकवर मागची बाजू पुढच्यापेक्षा वरच्या आकड्यावर लागते, कारण पुढचे टायर आधीच ओढणं, वळणं आणि बहुतेक ब्रेकिंग अशी तिन्ही कामं करतात. त्यांच्यावरचा बोजा कमी करून मागच्यांना थोडं कामाला लावायचं. तुमचं किट नेमकं उलटं आहे. दुकानदाराने बहुधा "इंजिन पुढे, म्हणून जड स्प्रिंग पुढे" एवढाच विचार केला.

माझा सल्ला: पुढे ५, मागे ६. वरच्या गुणोत्तराने पुढचा आकडा सव्वादोनच्या आत येतो आणि मागचा अडीचच्या. तुमची मोजणी वेगळी आली तर मागची स्प्रिंग त्या प्रमाणात बदला. यानंतर वळणात आतलं मागचं चाक कधी जमिनीवरून उचललेलं दिसलं तर घाबरू नका, पुढे ओढणाऱ्या गाडीत ते चालतं. मात्र अशी गाडी वळणात मध्येच एक्सलेटर सोडला की मागून फिरू पाहते. पहिल्या सत्रात हे मुद्दाम हळू वेगात, मोकळ्या जागी करून बघा, म्हणजे अंगात मुरेल.

स्प्रिंग बदलायला पैसे नसतील तर मागच्या बीमवर बसणारा जादा अँटीरोल बार स्वस्त पडतो आणि परिणाम त्याच दिशेचा देतो. पुढचा बार कडक करू नका. या गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक नुसतं फिरायला लागलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) नाही, आतलं पुढचं चाक हलकं झालं की तेच नुसतं फिरत राहतं आणि वळणातून निघताना ताकद वाया जाते.

उंचीचं काम असं करा. जागा आधी सपाट हवी. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, तरी तिच्यात चार मिलिमीटरचा उतार निघाला. गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप पाण्याने भरून चारही चाकांच्या जागा मोजा आणि कमी पडेल तिथे पत्र्याचे तुकडे घाला. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाचं काहीतरी ठेवा. ७० किलोसाठी ५० ची सिमेंटची गोणी आणि वर २० किलोंचं धान्याचं पोतं. मग आतल्या बुशच्या बोल्टचा मध्य आणि बॉल जॉइंटचा मध्य, दोन्हींची फरशीपासून उंची घ्या. बॉल जॉइंट बुशपेक्षा १० ते १५ मिलिमीटर खाली राहील तिथे पुढची उंची थांबवा. तुमच्या गाडीत हे कंपनीच्या उंचीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर खाली कुठेतरी येईल. मागची उंची पुढच्याबरोबर किंवा किंचित वर. पुढच्या वेळेसाठीचं माप फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत लिहून ठेवा, जमिनीपासून नाही. जमिनीपासूनचं माप टायरच्या हवेने बदलतं.

चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून कोपऱ्यांची वजनं जुळवणं उत्तमच, पण तो सेट सगळ्यांकडे नसतो. मार्केट यार्डाबाहेरच्या वजनकाट्यावर आधी पुढची दोन चाकं, मग मागची दोन, असं वजन घेऊन या. तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यात आकडा दाखवतो, तरी पुढे-मागे वाटणी कळायला पुरतो.

आता अलाइनमेंटचा हिरवा कागद. तो हिरवा रंग रस्त्यावर टायर सारखे झिजावेत म्हणून असतो. ट्रॅकवर पुढच्या चाकांना उणे २ ते उणे २.५ अंश कँबर (समोरून बघताना चाकाचा कल; उणे म्हणजे वरून आत) लागतो, तुमच्या कागदावर उणे ०.३ आहे. स्विफ्टला स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा लोखंडी भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असतात, त्यामुळे वरच्या बोल्टच्या जागी कँबर बोल्ट (फिरवला की कोन बदलणारा) घालून साधारण एक-सव्वा अंश मिळतो. बाकीचा तुमच्या कॉइलओव्हरच्या वरच्या प्लेटवरून घ्या. नकलची भोकं कानसून लांबट करणारे मेकॅनिक आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. तिथे बोल्ट सरकला तर भर वेगात चाकाचा कोन बदलतो. कँबर दिल्यावर टायर आणि स्ट्रट यांच्यात निदान चार-पाच मिलिमीटर फट राहते का, हे चाक हाताने फिरवून बघा.

मशीनशिवाय मोजायचं तर ओळंबा पुरतो. फेंडरवरून ओळंबा सोडा, दोरी रिमच्या समोर येऊ द्या, आणि रिमची वरची कड व खालची कड दोरीपासून किती लांब आहेत ते स्टीलच्या पट्टीने घ्या. १५ इंची रिमला दोन्ही अंतरांतला फरक ७ मिलिमीटर म्हणजे १ अंश. उणे अडीच हवा असेल तर वरची कड खालच्यापेक्षा साडेसतरा मिलिमीटर आत दिसली पाहिजे. गाडी उतरवल्यावर आधी चार-पाच फूट पुढे-मागे ढकला, नाहीतर टायर अडकून राहतात आणि माप खोटं येतं.

टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, सगळ्यात शेवटी, कारण उंची बदलली तरी तो बदलतो आणि कँबर बदलला तरी. पुढे शून्य, किंवा दोन्ही मिळून दोनेक मिलिमीटर बाहेर. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर गवंड्याची दोरी समांतर ताणा आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर घ्या, मापात येतं. स्टेअरिंग सरळ बांधून ठेवायला विसरू नका. मागचा कँबर-टो बीममध्ये पक्का असतो. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तरच स्टब ॲक्सलमागे (चाक बसतं त्या आखूड दांड्यामागे) शिम, म्हणजे पातळ पत्री, घालायची. कॅस्टर (बाजूने बघताना स्ट्रटचा मागे कल) दोन्ही बाजूंना सारखा असला की पुरे.

शॉकअपवर मी जास्त बोलणार आहे, कारण तेच माझं मूळ काम.

कारखान्यात आम्ही शॉकअप मशीनवर उभा लावून वेगवेगळ्या वेगाने दाबायचो-ओढायचो आणि किती जोर लागतो त्याचा आलेख काढायचो. वीस मिनिटं चालवलं की हात लावता येत नसे, आणि तेल तापलं की तोच शॉकअप आलेखात मऊ दिसायला लागे. त्यातून दोन गोष्टी पक्क्या कळल्या. पहिली, एका बटणाच्या स्वस्त शॉकअपमध्ये क्लिक फिरवले की मुख्यतः परतीचा जोर बदलतो, म्हणजे दबलेलं चाक परत खाली जाताना होणारा अडसर. दाबाचा जोर फार थोडा हलतो. दुसरी, डावा आणि उजवा एकाच क्लिकवर सारखेच असतील असं धरून चालू नये. म्हणून नवीन सेट बसवण्याआधी दोन्ही हातांनी दाबून सोडून बघा. एक झपकन वर येतो आणि दुसरा रेंगाळतो असं दिसलं तर दुकानदाराला परत करा, कितीही हुज्जत घातली तरी.

पूर्ण कडक केल्यावर काय होतं? ट्रॅकवर बारीक लाटा असतातच. चाक एका लाटेवर वर जातं, पुढचा खळगा येतो तेव्हा त्याला झटकन खाली यायचं असतं, पण परतीचा अडसर त्याला सोडत नाही. चाक हवेत लटकतं, तेवढा वेळ टायरला पकड नाही. लागोपाठ लाटा आल्या की प्रत्येक वेळी चाक थोडं कमी खाली येतं आणि गाडी स्वतःलाच खाली ओढत बंपस्टॉपपर्यंत नेते. तुमची गाडी आधीच तिथे होती.

क्लिक नेहमी पूर्ण कडकपासून मोजा, कारण ते टोक ठाम लागतं. मऊ बाजूचं टोक कधी कधी घसरतं. टोकाला जोर लावू नका, तेल अडवणारी आतली सुई खराब होते. सुरुवात कडकपासून १६ क्लिक मागे, चारही चाकांना. तीन लॅप. गाडी वळणात शिरताना डुलत असेल, स्टेअरिंग दिल्यावर अंग मागाहून येत असेल, तर ३ क्लिक कडक. पुन्हा तीन लॅप. असं जाता जाता एक जागा येते जिथे गाडी अंगाला चिकटल्यासारखी वाटते. आणखी ३ कडक केले की बारीक खडबडीवर ती उड्या मारायला लागते. तिथून ३ मागे या. स्प्रिंग ५ ची केलीत तर हा आकडा बराच मऊ निघेल, त्याचं आश्चर्य नको. त्यानंतरची बारीक दुरुस्ती एका टोकाची करा: वळणात शिरताना पुढून सरळ जातेय तर मागच्याला २ क्लिक कडक, निघताना आतलं चाक फिरतंय तर पुढचा परतीचा जोर २ क्लिक मऊ. शॉकअप भार किती जाणार ते ठरवत नाही, किती लवकर जाणार ते ठरवतो. म्हणून वळणाच्या मध्यावर, जिथे गाडी स्थिर कललेली असते, तिथला त्रास शॉकअपने जात नाही. तिथे स्प्रिंग, बार, कँबर आणि हवा.

हवेवर पैसे लागत नाहीत, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. सकाळी थंड टायरला २८ पीएसआय भरा. चार-पाच लॅप जोरात मारून आत या आणि लगेच, हेल्मेट काढण्याआधी, चारही टायर मोजा. रस्त्याच्या टायरला तापल्यावर ३३ ते ३६ च्या दरम्यान बरं चालतं. जास्त झालं असेल तर तिथेच सोडा. हवेच्या तापमानात ६-७ अंशांचा फरक पडला की दाब साधारण १ पीएसआयने हलतो. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी २८ अंश आणि दुपारी ४२ असताना हे सहज दोन पीएसआय होतं. त्यामुळे लातुरात पहाटे भरलेल्या आकड्यावर ट्रॅकवर विसंबू नका, स्वतःचा गेज सोबत न्या.

टायरशी बोलायचं असेल तर सुईचा तापमापक घ्या. लांबून लाल ठिपका मारणारी बंदूक फक्त वरचा पृष्ठभाग दाखवते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत निवतो. सुई रबरात तीन मिलिमीटर टोचा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश गरम असेल तर कँबर ठीक आहे. बाहेरची गरम असेल तर कँबर कमी पडतोय. तुमच्या गाडीत आत्ता हेच निघेल. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त, मध्य थंड म्हणजे कमी. तापमापक नसेल तर टायरच्या खांद्यावर, चरांपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, खडूने आडव्या रेघा ओढा. खांद्यावर छोटा त्रिकोण छापलेला असतो. रेघ त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर लोळतोय.

एका वेळी एकच बदल. हे प्रत्येक जण ऐकतो आणि ट्रॅकवर पोचल्यावर विसरतो, कारण सत्र वीस मिनिटांचं आणि फी भरलेली. साधी शंभर पानी वही घ्या. वेळ, हवेचं तापमान, थंड दाब, गरम दाब, क्लिक, तीन लॅपची सरासरी, आणि एका ओळीत गाडीने काय केलं ते. पहिला लॅप हिशोबात धरू नका. बदल करून फरक कळला नाही तर आधीच्या जागी परत जा, मगच दुसरा करा.

तुम्ही ज्या ट्रॅकवर जाता तो उद्योजक आणि रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे. मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या त्यांनीच बांधल्या. चेट्टीपाळयमचा हा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, वळणं लागोपाठ. तिथे वळणारी गाडी जिंकते. चेन्नईजवळचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आणि वेगवान आहे. तिथे गेलात तर मागे एवढी कडक स्प्रिंग भर वेगात अंगावर येईल, मागचे शॉकअप ३-४ क्लिक मऊ करून सुरुवात करा.

निघण्याआधी विम्याची पॉलिसी वाचा. साध्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, ट्रॅकवर ठोकली तर खर्च तुमचा.

आणि परतीचा प्रवास. तुम्ही हीच गाडी चालवत हजार किलोमीटरच्या वर अंतर कापून लातूरला येता. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबर लाटा धरतं. त्या लाटांवर ट्रॅकचा सेटअप गाडीला रस्त्यावरून उडवतो, आणि पावसात मागची कडक बाजू सावरत नाही. म्हणून पिटमधून निघण्याआधी चारही शॉकअप पूर्ण कडकपासून २० क्लिक मागे, टो शून्यावर, टायर पूर्ण निवल्यावर हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी, आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा थांबून चारही कॉइलओव्हरच्या लॉक रिंग हाताने तपासा. उंची बदलल्यानंतर त्या सैल होतात, आणि सैल झाल्या की खड्ड्यात टक-टक असा बारीक आवाज येतो. तो आला की गाडी बाजूला घ्या आणि पाना लावा.